कोरडी टोपली

जोगेश्वरी (पूर्व)
१२ मार्च १९८९

प्रिय चंदू,

'प्रिय' लिहायला हात तयार नव्हता. पण शाळेत बाईंनी पत्राची सुरुवात अशीच शिकवली होती, म्हणून लिहिलं. तेवढ्यावरून ताई निवळली असं समजू नकोस. गेले कितीतरी दिवस हा राग पोटात घेऊन मी एमआयडीसीत स्विच जोडतेय. परवा तर एक अख्खा ट्रे उलटा जोडला आणि सुपरवायझरने तो सगळ्यांदेखत माझ्यापुढे आणून ओतला. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तू नाशिकच्या मळ्यावर बढतीने गेलास हेसुद्धा आम्हाला तुझ्याकडून नाही कळलं, पेपरातून कळलं. आपल्या शेजारची सुलक्षणा पेपर घेऊन धावत आली, चंदूचा फोटो आलाय म्हणून. मागे गुलाबाचे ताटवे, तू मध्ये उभा, डोळ्यांवर नवा चष्मा. वर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'फुलशेती : उद्याचा मोठा उद्योग'.

सुलक्षणाने ते आईला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. तिचा काय दोष, तिला कौतुक होतं. परदेशात थंडीत फुलं होत नाहीत, आपल्याकडे बारा महिने ऊन, विमानतळ हाताशी, सरकारचं धोरण बदलतंय, बँका पुढे येतायत, देशाला परकीय चलन मिळेल. छान बोललायस. अवघड गोष्ट सोपी करून सांगायची तुझी हातोटी लहानपणापासूनच आहे. मग त्या बातमीदाराने विचारलंय, अडचणी कोणत्या? आणि तू म्हणालायस, सगळ्यात मोठी अडचण म्हणजे अडाणी हात. देवळाबाहेरची टोपली यापलीकडे आपल्या लोकांना फूल ठाऊकच नाही. गेल्याच महिन्यात पॅकिंगमधल्या एका बाईच्या चुकीमुळे आमची पहिली मोठी खेप परदेशात टाकून द्यावी लागली.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे कात्री मागितली. तुझा फोटो कापून देवांच्या बाजूला चिकटवला. फोटो रकान्याच्या मध्ये होता, त्यामुळे त्याच्याबरोबर खालचा मजकूरही आलाय. तिला वाचता येत नाही. रोज सकाळी ती देवाला फूल वाहते आणि त्या फोटोलाही नजर लागू नये म्हणून बोटं मोडते. त्याच फोटोखाली ते 'एका बाईच्या चुकीमुळे' लटकतंय. मी दोनदा तो कागद फाडायला हात उचलला आणि दोनदा मागे घेतला. ती विचारेल का फाडलास, तर काय सांगू? की ती बाई तू आहेस, आणि ते तुझ्या मुलानेच सांगितलंय? तिने ते सुलक्षणाच्या तोंडून ऐकलंय, तिला कळलंय, तरीही तिने फोटो लावलाय, हे मला समजत नाही असं नाही. पण सहन होत नाही.

तुला देवळाबाहेरची टोपली एवढी खुपते, तर जरा आठवून बघ. जोगेश्वरीच्या गुंफेकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी, डाव्या हाताला, आई बसायची. तिच्या पाठीमागे गोणपाटावर तू. भूमितीची प्रमेयं पाठ करायचास आणि मध्येच अडलास की झेंडूची फुलं मांडून त्रिकोण करायचास. अबोलीची वेणी कशी धरायची हे तुला माझ्याआधी आलं. आईच्या हाताशी तो पावडरचा पत्र्याचा डबा असायचा, झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेला. ती भोकंही तूच पाडलीस, सहावीत असताना, बोटाला लागलं तेव्हा रडलाही नाहीस. घटकेघटकेला ती डबा उलटा करून फुलांवर पाणी मारायची आणि मग तुझ्या डोक्यावर, उन्हाने तापलास म्हणून. बाबा गेले तेव्हा तू आठवीत होतास. त्यानंतर दापोलीच्या शेतकी कॉलेजपर्यंत तुला त्या टोपलीनेच नेलं. मी दहावीनंतर का थांबले ते मी काढत नाही, कधी काढणारही नाही. मी टोपलीबद्दल बोलतेय.

खरं सांगायचं तर तुझ्या कंपनीचा सगळ्यात जास्त अभिमान मलाच होता. गणपतीत तू घरी आलास आणि जेवता जेवता सांगत सुटलास. नाशिकहून ट्रकने गुलाब येणार, अंधेरीला शेडमध्ये बांधले जाणार, तिथून सहार विमानतळ दहा मिनिटांवर. फुलाला हात लावायची सवय असलेल्या बायका हव्यात, कारखान्यातल्या बायका पाकळ्या मोडतात. आईने दुसऱ्याच दिवशी पायऱ्यांवरच्या आठ बायका गोळा केल्या. मालन, सुगंधा, सगळ्या. स्वतःची टोपली बंद ठेवून तीही निघाली. मी म्हटलं, आई, या वयात उभ्याने काम झेपेल का? तर म्हणाली, लेकाचं काम उभं राहतंय, मी बसून कशी राहू? साहेबांनी तुझी पाठ थोपटली म्हणे, अशा बायका शोधून आणल्या म्हणून. आणि तू उंबऱ्यात चपला घालता घालता, आमच्याकडे न बघता म्हणालास, "आई, तिथे मला ओळख दाखवू नको. ऑफिसात बरं दिसत नाही."

मला तिथेच तुझी कॉलर धरायला हवी होती. मी गप्प बसले, कारण आई हसली. तिला तो खेळ वाटला. पाच महिने तिने तो खेळ इमानाने खेळला. घरी आल्यावरही तुला साहेबच म्हणायची, आज साहेब काचेपलीकडून गेले, साहेबांचा शर्ट चुरगळला होता, साहेब नीट जेवत नाहीत वाटतं. आम्ही दोघी हसायचो. चंदू, मी त्यावर हसले याची आता मला लाज वाटते.

फेब्रुवारीतला तो दिवस तुला ठाऊक आहे तसा मलाही ठाऊक आहे, कारण मी तिथे होते. माझी दुसरी पाळी होती, जाता जाता आईला डबा द्यायला शेडमध्ये गेले. तोपर्यंत तुमची फुलं इथल्याच मोठ्या हॉटेलांत जायची, पाण्याच्या बादल्यांतून, आणि बायका त्यांच्यावर पाणी मारायच्या ते सगळ्यांना चालायचं. त्या दिवशी पहिल्यांदा परदेशची मोठी खेप होती. लांब दांड्यांचे लालभडक ग्लॅडिएटर गुलाब, कळ्या अजून मिटलेल्या, वीस-वीसच्या जुड्या. घाट उतरून आलेले, जरा मलूल. आईने पहिली जुडी हातात घेतली आणि म्हणाली, "दमून इलीत रे पोरां." तुला आठवतं, गावाहून कोणी आलं की आई आधी गूळपाणी पुढे करायची, मग ख्यालीखुशाली. लांबून आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय तिला चैन पडत नाही. आणि ही पोरं तर आणखी सात समुद्र ओलांडून जायची होती. तिने पिशवीतून पावडरचा डबा काढला आणि जुडीजुडीवर पाणी मारलं. तिचं बघून आठही जणींनी मारलं. मुकादम बघत होता, त्याला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. डब्यातलं पाणी संपलं तेव्हा नळावरून मीच भरून आणून दिला. माझ्या वाट्याची चूक मी अशी लिहून देते.

भिंतीवर घड्याळाच्या खाली एक इंग्रजी कागद चिकटवलेला होता. तो मी पाहिला, वाचला नाही. वाचला असता तर कळलं असतं, तेवढं इंग्रजी मला येतं. फुलं कोरडी बांधायची, थेंबभरही पाणी नको, बंद खोक्यात ओल राहिली की बुरशी धरते. साधी गोष्ट. मराठीत एका वाक्यात सांगता येण्यासारखी. आठ बायकांना ती कळली असती, तू त्रिकोण झेंडूत समजून घेतलास त्याहून लवकर.

आणि ती सांगायचं काम तुझं होतं. हे मला मालनने सांगितलं, आईने नाही. मालन दाराशी जुड्या मोजत होती. साहेबांनी तुला तिच्यादेखत सांगितलं, "गुरव, अंदर जाके औरतों को मराठी में समझाओ." तू दारापर्यंत आलास. दाराच्या समोर पहिली आई उभी होती. तिने मान वर केली आणि तुझ्याकडे बघून हसली. हसणार नाही तर काय करेल? पाच महिन्यांत तू पहिल्यांदा इतका जवळ आला होतास. आणि तू तिथूनच मागे फिरलास. कागद मुकादमाच्या हातात दिलास, भिंतीवर लावायला सांगितलंस, आणि साहेबांना जाऊन सांगितलंस की समजावलं. मुकादमाला इंग्रजी येत नाही हे तुला माहीत होतं. बायकांना तर कुठलंच वाचता येत नाही हेही माहीत होतं. तुला भीती वाटली, चार माणसांसमोर ती 'चंदू' म्हणेल. पाच महिने तिने एकदाही म्हटलं नव्हतं रे. तुझी ती खेप पाण्याने कुजली नाही. तुझ्या लाजेने कुजली. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण आपल्याच आईला शेळी समजणारा पहिलाच.

पुढचंही मला ठाऊक आहे. तिकडून टेलेक्स आला, सगळ्या खोक्यांत करडी बुरशी, माल नाकारला. साहेबांनी नऊही जणींना ओळीत उभं केलं आणि पाणी मारायला कोणी सुरुवात केली म्हणून विचारलं. कोणीच बोललं नसतं, त्या पायऱ्यांवरच्या बायका आहेत, एकमेकींना धरून राहतात. पण आई एक पाऊल पुढे आली आणि 'मी' म्हणाली. तू साहेबांच्या शेजारी फाईल घेऊन उभा होतास. त्या क्षणी तुला एवढंच म्हणायचं होतं की यांना कोणी सांगितलं नव्हतं, सांगायचं काम माझं होतं. नोकरी गेली असती का? ओरडा बसला असता. तू काय केलंस? पेनाचं टोपण काढलंस आणि विचारलंस, "तुमचं नाव काय, बाई?"

मालन सांगताना रडली. मी रडले नाही. चंदू, आईला नाव विचारलं तर ती कसं सांगते? दवाखान्यात, रेशनच्या रांगेत, कुठेही? जानकी राजाराम गुरव, एका दमात, जराशी मान ताठ करून. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, पण ते नाव तिने कधी गाळलं नाही. तुझ्यापुढे ती म्हणाली, "जानकी." आणि थांबली. कारण पुढचं सांगितलं असतं तर तुझं आडनाव उघडं पडलं असतं. तुझा खोटेपणा झाकायला तिने नवऱ्याचं नाव गिळलं, आणि तू ते तसंच अर्धं लिहून घेतलंस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं.

घरी येऊन ती मला म्हणाली, काम संपलं, आता सीझन नाही. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर टोपली घेऊन बसली. मला वाटलं, बरं झालं, आपल्या जागी आली. पण गेल्या सोमवारी महाशिवरात्र होती. तुला ठाऊक आहे, त्या दिवशी गुंफेत मुंगीला शिरायला जागा नसते आणि आईची टोपली दोनदा भरावी लागते. मी रजा घेऊन मदतीला गेले. दुपारी बारालाच मोगरा तपकिरी पडला होता, गुलाबांच्या माना खाली, बेल वाळून कडकड वाजत होता. गिऱ्हाईकं हात लावायची आणि पुढे सुगंधाकडे जायची. मी म्हटलं, आई, पाणी का मारत नाहीस? डबा कुठाय? ती पदराने फुलं वारीत बसली. तेवढ्यात सुगंधा आपल्या डब्याने तिच्या फुलांवर पाणी मारायला वाकली, तर आईने टोपली मागे ओढली, घाबरल्यासारखी. म्हणाली, "नको गो. पान्यान फुलां कुजतत. शिकलेली मानसां सांगतत."

चाळीस वर्षं ती फुलं विकतेय. पहाटे कुठली कळी दुपारी उमलेल हे तिला नुसतं बोट लावून कळतं. तुझ्या कंपनीतल्या सगळ्या कागदांत जेवढं लिहिलंय त्याहून तिच्या बोटांत जास्त आहे. परदेशच्या खोक्याचा नियम वेगळा आणि उन्हातल्या टोपलीचा वेगळा, हे सांगायला तिला कोणी नव्हतं. मी सांगून पाहिलं. मालननेही सांगितलं. ऐकत नाही. आमचं शिक्षण कमी पडतं. तिच्या लेखी शिकलेलं माणूस एकच, आणि ते फोटोत आहे. रोज ती कोरडी टोपली मांडून बसते आणि रोज दुपारी मेलेली फुलं घेऊन घरी येते. तुझ्या मोठ्या उद्योगाने तिच्या हातून तिचा छोटा उद्योग काढून घेतला, आणि तुला त्याची खबरही नाही.

आता हे पत्र का लिहितेय ते सांगते. मी आपणहून लिहिणार नव्हते, तुझं तोंडही बघायचं नाही असं ठरवलं होतं. काल आईने मला समोर बसवलं आणि म्हणाली, चंदूला पत्र लिही, त्याची माफी माग. मी भडकले, ताट बाजूला सारलं. तर तिने माझा हात धरून शब्द घेतला. म्हणून ती बोलली तसंच खाली लिहिते, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. "झिला, माझी चूक झाली. फुलाक पानी नको असता ह्या माका कोनी सांगूक नाय. आता समजला. साहेबांका सांग, म्हातारी आता सुकीच बांधता, रोज टोपलेत शिकता. परत बोलवतीत तर येतंय." वाचलंस? ती टोपली तिने हट्टाने कोरडी ठेवलेली नाही. ती सराव करतेय, चंदू. तुझ्याकडे परत कामाला यायचं म्हणून.

पाडव्याला ये. साहेबांना काय सांगायचं, पेपरवाल्याला काय सांगायचं, ते तुझं तू ठरव, मी विचारणार नाही. पण पाडव्याच्या सकाळी, झेंडूची गर्दी असेल तेव्हा, पायऱ्यांशी ये, तिच्या शेजारी गोणपाटावर बस, आणि सगळ्यांदेखत त्या टोपलीवर तुझ्या हाताने पाणी मार. डबा मी भरून ठेवते. दुसऱ्या कोणाच्या हातचं पाणी ती फुलांना लागू देणार नाही. हे पत्र मी मुद्दाम तुझ्या खोलीवर न पाठवता कंपनीच्या पत्त्यावर पाठवतेय. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव काय घालू, असं आईला विचारलं, तर म्हणाली, नुसतं जानकी घाल, हापिसात कोणी बघितलं तर पोराला अडचण नको. मी पूर्ण घातलंय, ठसठशीत अक्षरांत, जानकी राजाराम गुरव. टपाल वाटणारा शिपाई वाचेल, टेबलावरचा कारकून वाचेल, आणि हे कोण म्हणून तुला विचारेल. या वेळी तरी नाव नीट सांग.

तुझीच, अजून तरी,
ताई